भिवटेकडीचा डांगोरे स्लग

६ जुलै २०२४, शनिवार

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. तरी अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे कुणीतरी वाचतंच.

कारण असं की काल मला एक प्राणी सापडला.

काल पिंपळदऱ्याला होतो. ही माझी सासुरवाडी. नरखेड तालुका, चारी बाजूंनी संत्रा. मेहुणा रुपराव याच्या नव्या बोअरची पूजा होती. गावात मोबाइलला रेंज नाही, म्हणून सकाळी गावामागची भिवटेकडी चढलो. दम लागला नाही. मध्ये थांबलो तो निरीक्षणासाठी. माथ्यावर जुन्या झाडांचा एक पट्टा आहे आणि मध्ये एक झरा, उन्हाळ्यातही न आटणारा. रेंज आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर हर्षितचा वाघ आला.

हर्षित म्हणजे नागपुरात बेस्यातल्या आमच्या बिल्डिंगमधला वरच्या मजल्यावरचा. आयटीत आहे, पण सुट्टीला हातभर लेन्स घेऊन जंगलात. दर महिन्याला ग्रुपवर एक वाघ टाकतो आणि त्याखाली अर्धी सोसायटी अंगठे दाखवते. मी एका बेहड्याच्या झाडाला टेकून 'नाइस' टाइप करत होतो, तेवढ्यात तळहाताला काहीतरी गार आणि बुळबुळीत लागलं.

पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचा. करंगळीएवढा. पाठीवर शंख नाही. शंख नसलेल्या गोगलगाईला स्लग म्हणतात हे वरच शोधून काढलं, रेंज होती म्हणून. असा केशरी स्लग आपल्या देशात कुणालाही सापडलेला नाही. निदान गूगलच्या पहिल्या पानावर तरी नाही.

वाघ काय, सगळ्या नागपूरकडे आहेत. हा प्राणी एकट्या ओमप्रकाश डांगोरेकडे आहे.

७ जुलै, रविवार

संकल्प:
रोज सकाळी बेसा ते पिपळा फाटा चालणे. चहात साखर नाही. स्लग या विषयावरची सगळी पुस्तकं वाचणे. टेकडी एका दमात चढता आली पाहिजे, कारण पुढे परदेशी लोकांना घेऊन जावं लागेल.

प्राण्याचं नाव नक्की: डांगोरे स्लग.

गोपिकाला फोटो दाखवला. बायकोचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, हे तं शेंबडं होय न, लहानपणी आम्ही शेण्या वेचाले जायचो तेव्हा लय दिसे. मी तिला शांतपणे समजावलं की दिसणं वेगळं आणि शोध लागणं वेगळं. ती म्हणाली, मंग शोध लावल्यावर हात धुतले होते का?

९ जुलै, मंगळवार

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आलेल्या प्रतिक्रिया: 'जळू आहे का काका', 'मीठ टाका लगेच', आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंकडून गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ. हर्षितने अंगठा दाखवला. जळतो आहे.

देशातल्या मोठमोठ्या संस्थांना ईमेल केले. विषय: 'ऐतिहासिक शोध (नागपूर)'. आता वाट पाहणे.

चालायला गेलो नाही. ईमेलला उत्तर आलं तर घरी कुणीतरी हवं.

१४ जुलै, रविवार

पुन्हा पिंपळदरा. गोपिकाला माहेरी सोडायचं निमित्त होतं. तिला जायचं नव्हतं, पण निमित्त होतं.

मी साधा शोधक नाही, हे इथे लिहून ठेवतो. उभी नोकरी सेफ्टी विभागात गेली, शेवटची वर्षं मौद्याला वीजकेंद्रात. जिथे धोका तिथे बोर्ड, जिथे हात लावायचा नाही तिथे रंगाचा पट्टा. माझ्या शिफ्टमध्ये एकही माणूस कधी कशात अडकला नाही. असा माणूस या स्लगला मिळाला, हे स्लगचं नशीब.

कामाला लागलो. प्लांटमधला एक जुना बोर्ड घरी पडला होता. त्यावर वरच्या ओळीत 'स्लग संरक्षित क्षेत्र' असं नवीन लिहिलं. खालच्या ओळी तशाच ठेवल्या: 'धूम्रपान निषिद्ध. हेल्मेट आवश्यक.' झऱ्याजवळ ठोकला. छान दिसतो.

रुपराव सोबत आला होता. त्याने बोर्ड वाचला, मग स्लग पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, भाऊजी, आमच्या वावरात असलं काही आलं तं आम्ही मीठ टाकतो, अन् तुम्ही याले पाहाले नागपूरवरून पेट्रोल जाळून येऊन राहिले. मी म्हणालो, रुपराव, एक दिवस या टेकडीखाली गाड्यांची रांग लागेल. तो म्हणाला, मंग तं लिंबूपाण्याचं दुकान टाकतो. खेड्यातल्या माणसाला दूरदृष्टी नसते.

हेल्मेट मी स्वतः घातलं होतं. उतरताना कामाला आलं.

२० जुलै, शनिवार

शास्त्रीय नावात शोधकाचं आडनाव लॅटिन करून शेवटी लावतात असं वाचलं. डांगोरेई. गोपिकाला दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, खोकल्याचं औषध वाटून राहिलं.

पुढचा आराखडा तयार: डांगोरे स्लग अभयारण्य. गेट. उघडी जीप. हेल्मेट भाड्याने. सकाळची सफारी आणि पावसाळी सफारी. वाघाला पाहायला माणसं दिवसभर उन्हात बसतात आणि शेपूट पाहून येतात. इथे प्राणी पळतच नाही. शंभर टक्के दर्शन.

गुडघ्याचा त्रास नाही. फक्त चढताना आणि उतरताना.

२ ऑगस्ट, शुक्रवार

उत्तर आलं.

डॉ. मयुरा ठोंबरे. बंगळुरूच्या एका संस्थेत फक्त गोगलगाई आणि स्लग यांवर काम करते. मुलगी मूळची वर्ध्याची निघाली. संध्याकाळी फोनवर बोलली. मला काका म्हणाली, म्हणजे आदर आहे.

म्हणाली की फोटो पाहून तिलाही हा प्राणी ओळखता आला नाही. नवीन असू शकतो. (मी हे आधीच सांगितलं होतं.) मग तिने टेकडीबद्दल खूप प्रश्न विचारले. तिचं म्हणणं असं: फार पूर्वी या सगळ्या भागात दाट, ओलं जंगल असावं. हवा कोरडी होत गेली, जंगल मागे सरलं, खाली कापूस आणि संत्रा आला. ओलावा उरला तो फक्त टेकडीच्या माथ्यावर, झऱ्यामुळे. स्लग तिथे अडकले. खाली उतरले तर उन्हात वाळतील. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात अख्खं घर एका कूलरच्या खोलीत झोपतं तसं. फक्त यांचा मे संपत नाही.

म्हणजे जगात हा प्राणी असलाच तर त्या एका टेकडीच्या एका पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा गेला तर संपला. हे ऐकून मला अंगावर काटा आला. खरंच आला. हर्षितचे वाघ एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाऊ शकतात. हा बिचारा शेजारच्या टेकडीवरसुद्धा जाऊ शकत नाही.

मयुरा सप्टेंबरअखेर येणार. तोपर्यंत तिच्या सूचना: कुणाला जागा सांगू नका, प्राणी हलवू नका, जागा आहे तशीच राहू द्या.

बरोबर आहे. आणि जागा आहे तशीच राहू द्यायची असेल तर आधी ती सुरक्षित करायला हवी. सेफ्टीतला माणूस हे न सांगता ओळखतो.

११ ऑगस्ट, रविवार

चालणं: बंद. पाऊस.
साखर: चालू. पाऊस.
पुस्तकं: एक मागवलं. इंग्रजीत आहे. चित्रं पाहिली.

सत्काराचं भाषण मात्र पूर्ण झालं. सुरुवात विनम्र आहे. हर्षितचा उल्लेख नावाने न करता आला आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

धोक्याची घंटा.

आज भिवटेकडीवर गेलो तर झऱ्याजवळ बकऱ्या. एका झाडाची फांदी नुकतीच तोडलेली. तोडणाऱ्या बाईला विचारलं, तर म्हणाली, जळतणाले नेली, काहून, तुमची होती का? बोर्ड दाखवला. तिने हेल्मेटबद्दल विचारलं.

चूक माझी. बोर्ड क्षेत्राचा आहे, झाडाचा नाही. कोणतं झाड स्लगचं आणि कोणतं रिकामं हे सामान्य माणसाला कळणार कसं? मी सगळी झाडं फिरून पाहिली. ओल्या सकाळी स्लग जमिनीवरच्या पाल्यातून निघून खोडावर चढतात, साल खरडून तिच्यावरचं शेवाळ खातात, आणि ऊन तापायच्या आत परत पाल्यात. कोणत्या झाडांवर जास्त येतात ते आता मला पाठ आहे. त्या झाडांना खूण हवी. लांबून दिसेल अशी.

प्लांटमध्ये हाताला लागू नये अशा प्रत्येक वस्तूला रंग होता. इथेही रंगच पाहिजे. फक्त केमिकल नको. स्लग नाजूक आहे. ऑइलपेंट तर अजिबात नको. मी याबाबत फार काटेकोर आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज नागपुरातल्या महाल भागात मारबत पाहायला गेलो, रोगराई आणि संकटं गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा. गर्दीतून लोक ओरडत होते, अमुक घेऊन जा गे मारबत, तमुक घेऊन जा गे मारबत. मीही मनातल्या मनात म्हणालो, स्लगवरची संकटं घेऊन जा गे मारबत. बरं वाटलं. येताना तर्री पोहे खाल्ले. साखर नव्हती त्यात.

१५ सप्टेंबर, रविवार

आज आयुष्यातलं सर्वांत समाधानाचं काम केलं. सविस्तर लिहितो.

पिंपळदऱ्याला पोचलो तर रुपरावकडे बोर्डोचं काम चाललं होतं. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून निळी पेस्ट करतात आणि संत्र्याच्या खोडाला जमिनीपासून कमरेएवढी लावतात. बुंध्यातून डिंक गळायचा रोग येतो, त्यासाठी. नरखेड तालुक्यात सगळे लावतात, अगदी माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. पूर्ण बागेचे पाय निळे, असं दिसतं.

ड्रममध्ये बरीच उरली होती. रुपराव म्हणाला, उद्यापर्यंत राहत नाही हे, फेकाच लागते. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. रंग. लांबून दिसणारा. दुकानातला नाही, शेतातला. झाडांसाठीच बनलेला. झाडाचं औषध झाडाला लावायचं, यात कुणाला काय त्रास होणार?

दोन बादल्या घेतल्या. रुपराव विचारत होता, वरच्या झाडाइले कायले, त्याइले कुठं डिंक आला आहे? मी म्हणालो, तुला नाही कळायचं. बादल्या वर न्यायला त्यानेच मदत केली, हे मान्य करतो.

स्लगच्या प्रत्येक झाडाला डोक्याच्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी पेस्ट लावली. सकाळची वेळ, हवा ओली, खोडांवर ठिकठिकाणी स्लग बसलेले. एकाही स्लगला रंगाचा थेंब लागू दिला नाही. प्रत्येकाला पानावर अलगद उचलून वर, पट्ट्याच्या वर ठेवलं, मगच खाली लावलं. सेफ्टी फर्स्ट. एक तर माझ्या बोटावर चढला आणि शिंगं बाहेर काढून पाहत राहिला. मला तो ओळखत असावा.

खाली उतरून मागे पाहिलं. गर्द झाडीत निळे पट्टे. असा व्यवस्थित डोंगर विदर्भात दुसरा नसेल.

२२ सप्टेंबर, रविवार

पावसाची उघडीप. आठवडाभर कडक ऊन. उत्तम. पेस्ट पक्की बसेल.

मयुराचा मेसेज: शनिवारी पोचते. पट्ट्यांचं तिला सांगितलं नाही. प्रत्यक्ष पाहू दे.

भाषणात एक परिच्छेद वाढवला: 'केवळ शोध नव्हे, तर संरक्षण'.

२८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ६

मयुराला घेऊन निघतो आहे. नवा शर्ट. गोपिकाही येते आहे. तिने विचारलं, शर्ट चढाच्या कामाचा आहे का फोटोच्या कामाचा? दोन्ही, म्हणालो.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. पण सुरू केली आहे तर लिहायला पाहिजे.

माथ्यावर पोचल्यावर मयुरा थांबली. मला वाटलं, दृश्य पाहून. तिने विचारलं, काका, हे निळं काय आहे? मी सांगितलं. मोरचूद, चुना, कशी कालवतात, कशी लावली, सगळं. ती खाली मातीतच बसली.

मग तिने सांगितलं. मोरचूद म्हणजे तांबं. स्लगचं ओलं अंग तांब्याला लागलं की त्याला चटका बसतो, तो ते ओलांडूच शकत नाही. परदेशात लोक स्लग अडवायला बागेत मुद्दाम तांब्याची पट्टी लावतात. मी प्रत्येक झाडाला एक कुंपण घातलं आहे, आणि स्लगना एकेक करून कुंपणाच्या आत ठेवलं आहे. दिवसा त्यांना खाली, ओल्या पाल्यात उतरावं लागतं. उतरता आलं नाही. वरून आठवडाभर ऊन.

तिने दुर्बीण दिली. पट्ट्याच्या वर, सालीच्या भेगांत, ते होते. वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखे आकसून. काही मेलेले. काही अजून जिवंत, शिंगं आत घेतलेली. मीच त्यांना उचलून तिथे ठेवलं होतं, पानावर, अगदी जपून.

मी म्हणालो की ड्रमवर स्लगबद्दल कोणतीही सूचना नव्हती. हे म्हणताना माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मयुरा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पाऊस यायच्या आत हे सगळं काढायचं. पाणी लावून नाही, पाण्याने तांबं मातीत उतरेल आणि मग खालचेही जातील. कोरडं खरडायचं, खाली ताडपत्री घालून. मी विचारलं, हवामान खातं काय म्हणतं? ती म्हणाली, मंगळवारपासून पाऊस.

२९ सप्टेंबर, रविवार

खरडलं.

रुपरावने खुरपी आणि ताडपत्र्या आणल्या. वर चढताना एकदा म्हणाला, भाऊजी, म्या विचारलं होतं. मी म्हणालो, हो, विचारलं होतंस.

साल खडबडीत. पेस्ट प्रत्येक भेगेत गेलेली. इतकी मन लावून लावली होती की निघता निघेना. प्लांटमध्ये माझ्या हाताखालच्या पोरांनी असं पक्कं काम केलं असतं तर शाबासकी दिली असती.

मयुरा शिडी लावून वरचे जिवंत स्लग ओल्या शेवाळाच्या डब्यांत घेत होती आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, कोऱ्या झाडांखाली सोडत होती. डबे धरायला गोपिका. ती स्लगशी बोलत होती, या वं बाई, या, झालं आता, असं. मला घरी असं बोलत नाही.

माझं झाड बेहड्याचं. पहिला स्लग मला जिथे लागला तेच. त्याच्यावरचा एकही जिवंत निघाला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाम म्हणून पुसलं, पण गोपिकाने पाहिलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

३० सप्टेंबर, सोमवार

पुन्हा खरडलं. उरलेलं सगळं निघालं. सगळं म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढं. ताडपत्र्या बांधून खाली आणल्या. मयुरा म्हणाली, बोर्डही काढू या का? काढला. खिळे फार खोल ठोकले होते.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही रुपरावच्या पडवीत होतो. एक दिवस आधीच आला, हवामान खात्यावर कधी विसंबू नये. आधी आला याचा राग यायला हवा होता, पण आमचं काम झालं होतं. मला एवढं हलकं किती वर्षांत वाटलं नव्हतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

गुडघे गेले. जिन्यावरून बसून उतरतो. हर्षितने विचारलं, काका, काय झालं? फील्डवर्क, म्हणालो.

संकल्प: यापुढे कुठेही कशालाही काहीही लावायचं नाही. सत्काराचं भाषण फाडलं. विनम्र सुरुवात तेवढी ठेवली, कधी कामाला येईल.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मयुराने शोधनिबंधाचा मसुदा पाठवला. प्राणी खरंच नवा निघाला. जगात फक्त भिवटेकडीवर. अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद व्हावी अशी शिफारस.

नाव टेकडीवरून ठेवलं आहे. ठीक आहे. टेकडी माझ्या आधीपासून तिथे होती.

आभाराच्या यादीत मी आहे, 'स्थानिक मदत' मध्ये, रुपराव आणि गोपिका यांच्या नंतर. मग 'धोके' या भागात आलो. वणवा. वाढता उष्मा. झऱ्याचा उपसा. आणि चौथा: 'एका अज्ञात व्यक्तीने खोडांना लावलेली ताम्रयुक्त पेस्ट, ज्यामुळे ज्ञात संख्येचा मोठा भाग नष्ट झाला.'

अज्ञात व्यक्ती.

गोपिका म्हणाली, मोठ्यानं वाचा. वाचलं. ती म्हणाली, अज्ञात काहून? साऱ्या पिंपळदऱ्याले माहीत आहे.

मयुराचा फोन आला. म्हणाली, काका, मुद्दाम तसं लिहिलं, तुम्हाला उगाच त्रास नको. आभार मानले. फोन ठेवल्यावर कळेना, मला बरं वाटतं आहे की वाईट. साऱ्या निबंधात स्लगच्या बाबतीत सर्वांत मोठी गोष्ट मी केली आहे, आणि तिथेच मी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मयुराला ईमेल लिहिला: कृपया 'अज्ञात व्यक्ती' च्या जागी माझं नाव टाकावं. पाठवला नाही. नेट स्लो होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नेट ठीक झालं. तरी पाठवला नाही. मयुराला निबंध पाठवायची घाई असेल, तिला मध्येच कशाला अडवायचं. गोपिका म्हणाली, पाठवा नाहीतर पुसून टाका, पण रोज उघडून पाहू नका. ड्राफ्टमध्ये आहे.

१३ जुलै २०२५, रविवार

सकाळी भिवटेकडी. निबंध छापून आला आहे आणि मयुराला आता चांगले फोटो हवे आहेत. हर्षितचं नाव मीच सुचवलं. रात्री पाऊस पडून गेलेला, हवा ओली.

झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडं भरली होती. मयुराने तिथे सोडलेले जगले, त्यांना पिल्लं झाली. खोडांवर केशरी ठिपके, काही तांदळाएवढे. हर्षित हातभर लेन्स घेऊन चिखलात पोटावर आडवा झाला आणि बराच वेळ उठला नाही. उठल्यावर म्हणाला, काका, वाघाच्या वेळी असं नाही झालं मला.

मग माझ्या झाडांकडे गेलो. खरडलेल्या सालीवर नवं शेवाळ आलं आहे, हिरवंगार. त्यावर कुणी नाही. एकाही झाडावर नाही. मयुरा म्हणाली, तांबं सालीत मुरलेलं असतं, वेळ लागेल, कदाचित काही वर्षं. कदाचित येणारही नाहीत.

हर्षित मागून आला. इथे काही झालं होतं का, असं त्याने विचारलं. त्याने निबंध वाचला होता. म्हणाला, तो अज्ञात माणूस कोण ते कळलं का शेवटी? मयुराने माझ्याकडे पाहिलं आणि मग झऱ्याकडे तोंड केलं.

हर्षितने बेहड्याच्या रिकाम्या खोडाचा एक फोटो घेतला, नोंदीसाठी. याच्याखाली काय लिहू, म्हणाला.

मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.